पैनगंगेपलीकडची मोटार

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय अंगास केळापूर नावाचा तालुका आहे. तालुका केळापूरचा आणि कचेऱ्या मात्र पांढरकवड्यास, अशी येथील जुनी रीत असल्यामुळे परगावचा मनुष्य प्रथम बुचकळ्यात पडतो. केळापूर हे लहानसे गाव. जगदंबेचे देवस्थान, नवरात्रातील यात्रा आणि अलीकडे हमरस्त्यावरील टोलनाका एवढ्यांवरून ते लोकांस ठाऊक. पांढरकवडा तेथून जवळच, खुनी नदीच्या काठी. कापसाची पेठ म्हणून त्याचा लौकिक आहे. काश्मिरातून कन्याकुमारीस जाणारा राजमार्ग (पूर्वी याचा नंबर सात होता, आता चव्वेचाळीस आहे) याच बाजूने जातो. उत्तरेस नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, दक्षिणेस तेलंगणातील आदिलाबाद चाळीस-पंचेचाळीस. आगगाडी पांढरकवड्यास नाही. माजरीहून वणीवरून आदिलाबादेस जाणारा लोहमार्ग तालुक्याच्या कडेने, पिंपळखुटीवरून जातो खरा. परंतु त्यावरील उतारूंच्या गाड्या मोजक्या, आणि ते स्टेशन गाठावयास पुन्हा मोटारच पाहिजे. तेव्हा या मुलखात प्रवास म्हणजे एस.टी. आम्ही येथे जी हकीकत सांगणार आहो ती या एस.टी.चीच, व तीही तालुक्यातल्या तालुक्यात फिरणाऱ्या गाडीची नव्हे, तर पैनगंगेचा पूल ओलांडून परराज्यात जाणाऱ्या गाडीची.

मोटारीच्या नफातोट्याचा आणि घरात बसून वाचावयाच्या मासिकाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. आमच्या वडिलांनी १९७३ साली आपली थोरली कन्या आदिलाबादेस दिली. तेव्हा तो मुलूख आंध्र प्रदेशात होता. परमुलखात मुलगी दिली म्हणून आमच्या आजीस दोन दिवस अन्न गोड लागले नाही. परंतु सासरी गेल्यावर मुलीने पहिल्याच पत्रात लिहिले, की इकडे बाजारात मराठी चालते, शेजार मराठी आहे, परके म्हणाल तर पाट्यांवरचे अक्षर तेवढे. आम्ही तिला अक्का म्हणतो. तेलुगूतही थोरल्या बहिणीस अक्काच म्हणतात, त्यामुळे सासरी तिचे नावसुद्धा बदलले नाही. आज तिने सत्तरी ओलांडली आहे व गुडघे धरले आहेत. भाऊबीजेस येण्याविषयी विचारले, की तिचे उत्तर ठरलेले: "अरे, गाडी थेट असली तर येते. मध्ये उतरून चढावयाचे असेल तर तूच ये." एका घरची भाऊबीज कोणाच्या घरी व्हावयाची हे दोन महामंडळांच्या वेळापत्रकावर ठरते, यावरून विषय घरगुती आहे की नाही हे वाचकांनीच पाहावे.

ही सीमा काही काल-परवाची नाही. १८१८ च्या एप्रिलात दुसरा बाजीराव चांद्याकडे जाण्याच्या बेताने या पांढरकवड्याच्या मुलखात आला होता, आणि १७ एप्रिल रोजी जवळच शिवणी येथे कर्नल अॅडम्सने त्याच्या फौजेचा मोड केला. पुढे १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात गेले, व १९०२ च्या कराराने कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडेच राहिले. त्यामुळे पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजी अंमल आणि पलीकडे निजामशाही अशी स्थिती झाली. संस्थानात शिरणाऱ्या मालावर जकात घेणारे निजामाचे खाते करोडगिरी या नावाने ओळखले जाई. आमचे आजोबा आदिलाबादकडे गेले, की करोडगिरीच्या शिपायाने गाठोडे सोडून पाहिल्याची गोष्ट परत येऊन सांगत. त्या संस्थानाविषयी एक गोष्ट मात्र कबूल करावयास हवी. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने २७ गाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू केली. आपल्याकडे पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली ती १ जून १९४८ रोजी. उतारूंच्या मोटारी सरकारने चालवाव्यात ही कल्पना पैनगंगेच्या पलीकडच्या राज्यात सोळा वर्षे आधी अमलात आली होती.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा हे मराठी भाग इकडे आले व बाकीचा जिल्हा आंध्राकडे गेला. २ जून २०१४ पासून तो तेलंगणात आहे. रेघ अशी कोठेकोठे सरकली, पण पैनगंगेवरची जागा तिने सोडली नाही. आम्ही संस्कृत शिकविण्यात जन्म घालविला, म्हणून येथे एका गोष्टीचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. परमार राजा जगद्देव याचा शके १०३४ चा लेख आमच्या जिल्ह्यात डोंगरगाव येथे सापडला आहे, आणि त्याच राजाच्या काळचा दुसरा संस्कृत लेख पैनगंगेपलीकडे आदिलाबादजवळच्या जैनद गावी आहे. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी नदीचे दोन्ही काठ एकाच सत्तेखाली होते. त्या वेळी पैलतीरी जावयास नाव मात्र लागत असेल.

असो. गेल्या माघात आमच्या धाकट्या नातवास पाच वर्षे पूर्ण झाली. बासरच्या सरस्वतीपुढे त्याचा अक्षराभ्यास करावा अशी घरच्या मंडळींची इच्छा. बासर गोदावरीच्या काठी, तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यात आहे. महाराष्ट्रातील पुष्कळ लोक तेथे नांदेडवरून आगगाडीने जातात. आमच्या तालुक्यातील माणसास आदिलाबाद, निर्मल, भैंसा अशी मोटारीची वाट सरळ पडते. पुतण्या म्हणाला, "काका, भाड्याची गाडी करू या, दोन दिवसांत जाऊन येऊ." भाड्याचा आकडा ऐकून आम्ही एस.टी.चाच आग्रह धरला. त्यात आदिलाबादेस अक्काकडे मुक्काम आयताच घडत होता.

सकाळी पांढरकवड्याच्या स्थानकावर आदिलाबादची गाडी लागली तेव्हा बसावयास जागा मिळविण्याची धांदल होती. कोण कोण होते ते सांगतो. कापसाच्या भावाची चौकशी करण्यास निघालेले दोन शेतकरी होते. आदिलाबादची कापूसपेठ मोठी. भावात थोडाही फरक असला तरी या बाजूचा शेतकरी त्यासाठी नदी ओलांडतो. आदिलाबादेस 'रिम्स' नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, तेथे दाखवावयास निघालेला एक म्हातारा आणि त्याचा मुलगा होता. कोलाम स्त्रियांचा एक घोळका होता. त्यांचे सगेसोयरे दोन्ही काठांस आहेत. पौष अमावास्येस इंद्रवेल्लीजवळ केसलापूर येथे नागोबाची जत्रा भरते, तिला महाराष्ट्रातले गोंड लोकही जातात. त्या दिवसांत तर या वाटेच्या गाड्यांस उभे राहावयास जागा मिळत नाही. नागपूर-हैदराबाद अशा खासगी निजावयाच्या गाड्या रात्रभर या रस्त्याने धावतात, पण त्यांचे लक्ष दोन टोकांच्या शहरांवर. पाटणबोरीच्या म्हातारीस किंवा भोरजच्या शेतकऱ्यास त्यांचा उपयोग नाही.

तिकिटाची गंमत आता ऐका. महाराष्ट्रात २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांस एस.टी.चा प्रवास फुकट आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांस अर्धे तिकीट आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस अर्धे तिकीट आहे. त्यामुळे पांढरकवड्यास बसताना आम्ही ज्येष्ठ म्हणून अर्धे, मंडळी स्त्री म्हणून अर्ध्या आणि नातू बालक म्हणून अर्धा. तिघांत पुऱ्या तिकिटाचा धनी कोणी नव्हता. परंतु या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच. कंडक्टरने पुलापर्यंतचा आकार वेगळा धरला आणि पुलापुढचा वेगळा; पूल ओलांडताच आम्ही दोघे पूर्ण झालो, नातू तेवढा अर्धा राहिला. शेजारच्या बाकावरील एक वृद्ध बाई आमचा हिशेब ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, पुलालोक अर्धं, अन् पुलाच्या पुढं पुरं. पाय तं दोन्हीकडं सारखेच दुखते ना जी."

पलीकडचा नियम आणखी निराळा. तेलंगणाने ९ डिसेंबर २०२३ पासून आपल्या राज्यातील स्त्रियांस 'पल्ले वेलुगु' व 'एक्स्प्रेस' या गाड्यांतून मोफत प्रवास दिला आहे. त्यास तेलंगणाच्या पत्त्याचे ओळखपत्र लागते, व परराज्यात जाणाऱ्या गाडीत ही सवलत सीमेपर्यंत चालते. पुलापुढे पुरे तिकीट. तेलंगणाच्या सवलती तेलंगणाच्या गाडीत आणि महाराष्ट्राच्या सवलती महाराष्ट्राच्या गाडीत. याचा परिणाम असा, की अक्का इकडे येते ती तेलंगणाच्या गाडीने, कारण निम्मी वाट तिला फुकट पडते. आणि आमच्या घरच्या स्त्रिया तिकडे जातात त्या एस.टी.ने, कारण निम्मी वाट त्यांस निम्म्या पैशांत पडते. आधी दुसऱ्या राज्याची गाडी आली तर ती सोडून देतात. आम्ही स्वतः पाहिले, की एक गाडी रिकाम्या बाकांनिशी निघून गेली आणि तिच्याकडे पाहत आठ-दहा बायका सावलीत बसून राहिल्या. त्या आळशी नव्हत्या, हिशेबी होत्या. प्रत्येकीने मनातल्या मनात त्रैराशिक मांडून गाडी निवडली होती. मात्र त्यामुळे दोन्ही महामंडळांच्या गाड्या थोड्याथोड्या रिकाम्या धावतात, आणि मग दोन्हीकडचे अधिकारी म्हणतात की या मार्गावर उत्पन्न नाही.

उत्पन्नाचा हा हिशेब कसा धरतात ते थोडक्यात सांगतो, कारण सगळा घोळ तेथेच आहे. गाडीचे डिझेल, टायर, दुरुस्ती, चालक-वाहकांचे वेतन इत्यादि सर्व खर्च एका किलोमीटरवर वाटून घेतात. त्याचप्रमाणे तिकिटांचे पैसेही किलोमीटरमागे काढतात. गाडीतील जागांच्या मानाने उतारू किती यास भारमान म्हणतात. आता मुलांस गणित घालावे तसे कल्पित आकडे घेऊ. समजा, किलोमीटरला खर्च ६० रुपये आणि माणशी भाडे दीड रुपया. मग खर्च भरून निघण्यास ४० उतारू पाहिजेत. गाडीत ४४ जागा असल्या तर भारमान शेकडा ९१ झाले. सवलतीच्या तिकिटाची तूट सरकार भरून देते, तेव्हा तो उतारूही पुराच मोजू. सीमेवरच्या गाडीत होते काय? पाटणबोरीस बरेच लोक उतरतात, पिंपळखुटीस आणखी उतरतात, आणि पुलावरून गाडी जाते ती रिकामी-रिकामी. पलीकडे भोरजपासून पुन्हा भरू लागते. म्हणून सरासरी २८ उतारू धरू. किलोमीटरला मिळाले ४२ रुपये, तूट १८ रुपयांची. ४५ किलोमीटरांस ८१० रुपये. कारकुनाने या आकड्याखाली तांबडी रेघ ओढावी यात नवल नाही.

परंतु त्या २८ जणांतले बारा जण आदिलाबादेकडून येऊन पांढरकवड्यास उतरले आणि नागपूरच्या एस.टी.त बसले असे समजा. दीडशे किलोमीटरांचे दीड रुपयाप्रमाणे प्रत्येकी २२५, बारांचे २७०० रुपये. हे पैसे नागपूरच्या गाडीच्या खात्यात जमा होतात. ती गाडी तर या बारांवाचूनही धावणारच होती; त्यांच्यासाठी तिला निराळे डिझेल लागले नाही. उद्या तोट्याची म्हणून आदिलाबादची फेरी बंद केली, तर वाचले ८१० आणि गेले २७००. कोणी म्हणेल, त्यांतले काही लोक कसेही करून येतील. चौघे आले असे धरा; उरलेल्या आठांचे १८०० तरी गेलेच. आकडे आमचे कल्पित आहेत, पण घटना कल्पित नाही. सीमेवरची गाडी ही मोठ्या ओढ्यास मिळणाऱ्या लहान ओहोळासारखी असते. तिचा जमाखर्च नदीवर तोडून पाहिला तर ती नेहमीच तोट्यात दिसणार. आमच्या मते अशा फेरीचे उत्पन्न मोजताना तिने पुढच्या गाड्यांस किती उतारू दिले हे मोजलेच पाहिजे. तिकिटे आता यंत्रातून निघतात, तेव्हा थेट तिकीट दिले की ही मोजणी आपोआप होईल. एस.टी. महामंडळाचा साठलेला तोटा २०२५ मध्ये दहा हजार कोटींच्या वर गेल्याचे सरकारनेच श्वेतपत्रिकेत मांडले आहे. एवढ्या तोट्याच्या काळात कोणत्या फेऱ्या काटावयाच्या याची चर्चा होणारच, आणि नेमक्या अशा वेळी सीमेवरच्या फेरीस कोणी वाली नसतो. तिचे निम्मे उतारू परराज्याचे. ते आपल्या आमदारास पत्र लिहीत नाहीत.

परराज्यात गाडी न्यावयाची म्हणजे केवळ रस्ता असून भागत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ८८ व्या कलमाप्रमाणे एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालावयास तेथील अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागते, आणि दोन राज्ये आपसात करार करून कोणत्या मार्गावर कोणाच्या किती गाड्या हे ठरवितात. (आमच्या तालुक्यातील टिपेश्वरच्या अरण्यातून २०१९ साली एक तरुण वाघ निघाला. गळ्यात यंत्राचा पट्टा असल्यामुळे त्याची वाट कळत होती. तेलंगणात शिरून, पुन्हा महाराष्ट्रात येऊन, सुमारे तेराशे किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्यास मात्र प्रतिस्वाक्षरी लागली नाही.) अशा करारांत साधारण तत्त्व समानतेचे असते: तुमच्या गाड्या आमच्या हद्दीत जितके किलोमीटर धावतील, तितकेच आमच्या तुमच्या हद्दीत धावल्या पाहिजेत. ऐकावयास हे न्याय्य वाटते, व दोन महामंडळांच्या दृष्टीने आहेही. त्यात उतारूचे काय होते याचे उदाहरण फार दूरचे नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे आंध्र व तेलंगणा यांमधील गाड्या थांबल्या. टाळेबंदी उठू लागली तरी त्या सुरू होईनात, कारण आंध्रच्या गाड्या तेलंगणात रोज २ लाख ६५ हजार किलोमीटर धावत आणि तेलंगणाच्या आंध्रात १ लाख ५२ हजार. तेलंगणाचे म्हणणे, बरोबरी करा. अखेर २ नोव्हेंबर २०२० रोजी करार झाला. आंध्रच्या ६३८ गाड्यांनी १,६०,९९९ किलोमीटर आणि तेलंगणाच्या ८२६ गाड्यांनी १,६१,२५८ किलोमीटर धावावे असे ठरले. बरोबरी उत्तम साधली. मात्र बेरीज करून पाहावी: पूर्वी दोघांचे मिळून ४ लाख १७ हजार होते, ते ३ लाख २२ हजारांवर आले. म्हणजे रोजचा सुमारे ९५ हजार किलोमीटरांचा प्रवास कागदावरून नाहीसा झाला, व ज्यांचा तो प्रवास होता ते लोक करारास बसले नव्हते.

आमच्याकडच्या सीमेवर त्या मानाने शांतता आहे. कोल्हापूर-बेळगावकडे भाषेचा वाद पेटला की पहिला दगड मोटारीच्या काचेवर येतो. २०२५ च्या फेब्रुवारीत तेथे दोन्ही राज्यांच्या गाड्या काही दिवस अडून राहिल्या. पैनगंगेवर असा प्रसंग आमच्या आठवणीत नाही. पाटणबोरीच्या बाजारात तेलुगू ऐकू येते, आदिलाबादच्या बाजारात मराठी ऐकू येते, आणि कोणी कोणास दटावीत नाही. एवढी अनुकूलता असताना येथील मोटारीची सोय वाढू नये, याचे आम्हांस वाईट वाटते.

आदिलाबादच्या स्थानकावर उतरलो, तेव्हा नातवाने मोठ्या पाटीकडे बोट दाखवून विचारले, "आजोबा, काय लिहिलंय?" तेलुगू लिपी आम्हांस अडखळत वाचता येते. अक्षर लावून पाहिले तर 'प्रयाण प्रांगणम्'. मोटारीच्या स्थानकास इतके शुद्ध संस्कृत नाव असलेले पाहून आनंद झाला. मराठीत प्रयाण म्हटले की आम्हांस थोडे निराळेच सुचते, म्हणून मंडळींस अर्थ सांगताना आम्ही 'प्रवासाचे अंगण' एवढेच सांगितले. 'पल्ले वेलुगु' म्हणजे खेड्याचा उजेड. खेड्यात जाणाऱ्या साध्या गाडीस असे नाव देणाऱ्याचे कौतुक वाटते. परंतु ज्या माणसास तेलुगू अक्षर येत नाही त्याची गाडी शोधताना त्रेधा उडते. मोठ्या मार्गांच्या गाड्यांवर इंग्रजीही असते, खेड्यांच्या गाड्यांवर बहुधा नुसते तेलुगू. आपल्याकडेही तीच रीत: एस.टी.ची पाटी मराठी, नंबरसुद्धा पुष्कळदा मराठी आकड्यांत. पुलापलीकडची म्हातारी पांढरकवड्यास येऊन ज्याला-त्याला विचारीत फिरते. सीमेवरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर दोन्ही लिप्यांत पाटी लावण्यास एक डबा रंग पुरेल. या कामास तर करार किंवा प्रतिस्वाक्षरी काही लागत नाही.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. दोन्ही महामंडळे आपापल्या गाड्यांच्या वेळा आपापल्या सोयीने ठरवितात. त्यामुळे एकापाठोपाठ एक अशा दोन गाड्या सुटतात आणि मग बराच वेळ काहीच नसते. गाड्या तेवढ्याच ठेवून त्यांच्या वेळा वाटून घेतल्या, एकीमागून दुसरी ठराविक अंतराने सोडली, तर नवा खर्च काही नाही. दवाखान्यात गेलेल्या माणसास संध्याकाळी घरी परतता येईल की नाही हे शेवटच्या गाडीवर अवलंबून असते. ती गाडी कोणत्या राज्याची आहे हे तो पाहत नाही. त्या दिवशी आमच्याबरोबरचा तो म्हातारा डॉक्टरपेक्षा परतीच्या मोटारीचीच चौकशी अधिक करीत होता, आणि मुलगा त्याची समजूत घालीत होता की तपासणी लांबली तर रात्री दवाखान्याच्या ओसरीवर पडू. एवढ्याशा अंतरासाठी दुखणाईत माणसाने ओसरीवर रात्र काढावी, हे काही ठीक नाही.

तिसरी गोष्ट सवलतींची, व ती अवघड आहे हे आम्ही जाणतो. प्रत्येक सरकार आपल्या महामंडळास आपल्या हद्दीतील प्रवासाचीच भरपाई देते. दुसऱ्याच्या गाडीतील उतारूचे पैसे त्याने का द्यावेत? पण दोन्ही सरकारे एकमेकांच्या गाडीस आपल्या हद्दीपुरती मान्यता देऊ शकतील. तेलंगणाची स्त्री एस.टी.त बसली तरी आदिलाबाद ते पूल हा तेलंगणातीलच रस्ता आहे, आणि आमच्या घरची स्त्री तेलंगणाच्या गाडीत बसली तरी पांढरकवडा ते पूल हा महाराष्ट्रातलाच. वर्षाअखेर दोघांनी आपापसातली फेड करावी. मग समोर येईल त्या गाडीत बायका बसतील, सावलीत कोणी बसून राहणार नाही, आणि ज्या रिकाम्या बाकांपायी मार्ग तोट्याचा ठरतो ते बाक भरतील. नुसत्या लांबच्या प्रवासास नव्हे, तर राज्याराज्यांच्या कडेने राहणाऱ्या सगळ्याच लोकांस याचा उपयोग आहे. देगलूर, उदगीर, राजुरा, सावंतवाडी, जत येथील वाचकांस आमचे म्हणणे समजावून सांगावे लागणार नाही.

टाळेबंदीच्या त्या वर्षी राखीपौर्णिमेस पुलावरून मोटार जात नव्हती. अक्काने टपालाने राखी पाठविली, ती बरीच उशिरा मिळाली. तिच्या घरच्यांनी पुलापर्यंत दुचाकीवर नेऊन सोडण्याची तयारी दाखविली होती. तिने सांगितले, या वयात पुलावर उभी राहून काय करू? पुढे गाड्या सुरू झाल्या तेव्हा ती पहिल्या आठवड्यातच आली आणि महिनाभर राहिली. त्या महिन्यात आमच्या सुनांनी तिच्याकडून पुंटिकुराची, म्हणजे अंबाडीची, तेलंगी पद्धतीची चटणी शिकून घेतली, ती आता आमच्या घरची झाली आहे.

आता ज्यांस या वाटेने बासरास जावयाचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. पांढरकवड्याहून सकाळची गाडी धरावी. आदिलाबादेहून निर्मल सुमारे ऐंशी किलोमीटर. निर्मलास लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत, मुले बरोबर असल्यास तेथे वेळ मोडतो हे ध्यानात ठेवावे. निर्मलहून भैंसा व तेथून बासर. गाडीत बसण्यापूर्वी गावाचे नाव तोंडाने विचारून खात्री करावी, केवळ पाटीवर भिस्त ठेवू नये. आधार कार्ड जवळ असावे. वयाच्या सवलतीस ते महाराष्ट्रात लागते. सुटे पैसे पुष्कळ घ्यावेत, कारण तिकिटाचे तुकडे होतात तसा हिशेबही तुटक होतो. अक्षराभ्यासाचे साहित्य देवळाजवळ मिळते, तरी पाटी घरून नेलेली बरी. वसंत पंचमीस तेथे फार मोठी रांग लागते. पाच वर्षांच्या मुलास ती झेपत नाही, म्हणून आम्ही पंचमी टाळून तिसऱ्या दिवशी गेलो आणि तासाभरात नातवाने तांदळात पहिले अक्षर काढले.